दारातून परतलेली दाई

कुणी काही विचारलं, की दाईमावशी उजवा तळवा छातीवर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "थांबा, आत विचारते." मग उत्तर यायचं. कधी यायचंही नाही. निजामाच्या अमलात मी धाराशिवच्या मिशन दवाखान्यात कंपाउंडर होतो, त्या तिथल्याच दाई. त्यांच्या या सवयीला आम्ही सगळे हसायचो. एकदा एका सासूनं बाळंतिणीसमोरच विचारलं, "सून आळशी हाय का न्हाय, तुमीच सांगा." मावशींचा हात छातीवर गेला तो पाणी उकळेपर्यंत तिथंच राहिला. सासू कंटाळून बाहेर गेली.

"नुसती जीभ आवरून भागत न्हाय," त्या मला म्हणायच्या. "आतलं सडलं तर येशूपुढं तोंड धुऊन काय उपेग?"

त्यांचा एकुलता मुलगा बार्शीहून दवाखान्याची औषधं आणायचा. निजामी राज्य संपता संपता एका बंदूकवाल्या टोळीनं त्याला वाटेत गाठून बेदम मारलं. बैलगाडीतून घरी आणला तेव्हा श्वास होता, शुद्ध नव्हती. दुपारी तो गेला. मावशींनी त्याला स्वतःच्या हातानं आंघोळ घातली.

पुढं हिंदुस्थानची फौज आली, आणि गल्लीतली माणसं मावशींच्या अंगणात जमली. शेजारच्या शिंपीचाचांचा पुतण्या त्या टोळीबरोबर हिंडायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"मावशी, तुमी नुसतं नाव घ्या. फौजवाले आत्ता उचलतील त्याला."

मावशींचा तळवा छातीवर गेला. मग म्हणाल्या, "माझ्या लेकानं नाव घेतलं न्हाय. म्या बघितलं न्हाय. सांगू कशी?"

"हिला आईचं काळीजच न्हाय," म्हणत लोक गेले. मी मात्र भारावलो होतो. यांनी क्षमा केली, असं मी धरून चाललो. तुम्हीही तेच धरलं असतं.

काही दिवसांनी चिमटे-कात्र्या उकळत असताना त्या एकाएकी बोलल्या, "कंपाउंडर, तोंड राखलं म्या. आत मातर त्याला रोज मारते."

त्याच पुतण्याची बायको अडली. शिंपीचाचा स्वतः बोलवायला आले. मावशींची पिशवी घेऊन मी बरोबर गेलो. दारात मावशी थबकल्या. आतून बाई कण्हत होती. मावशींनी आपल्या दोन्ही हातांकडं पाहिलं आणि मला हळूच म्हणाल्या, "पळत जा. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनाच घेऊन या. आज माझ्या हाताचा भरवसा न्हाय."

कधी कुठल्या दारातून न परतलेली ती बाई माघारी वळली. डॉक्टरीणबाई वेळेवर पोचल्या, आई आणि मूल दोघंही वाचली. पण गल्लीत बोललं गेलं, मावशीनं सूड उगवला. चर्चमधलेही तेच बोलले. मावशींनी कुणाला खुलासा दिला नाही. त्यानंतर बाळंतपणाला हात लावला नाही. दवाखान्याच्या चादरी धूत राहिल्या. कुणी सलाम केला तर मान हलवायच्या, तेवढंच.

पुढच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. मातीला चारच माणसं. सगळे पांगल्यावर शिंपीचाचा आले. दफनभूमीच्या कुंपणाबाहेरच उभे राहिले.

"त्या दिवशी दारातून का वळल्या, इचारायचं ऱ्हाऊनच गेलं," ते म्हणाले.

मी त्यांना सांगितलं. मावशी म्हणाल्या होत्या तेच शब्द, जसेच्या तसे.

चाचा आत आले. डोक्यावरची टोपी सारखी केली, आणि ओल्या मातीशेजारी उन्हात बसून राहिले.