पत्रकात लिहिलेली गल्ली

आमच्या घरी पुस्तकं कमी, पत्रकं जास्त. वडील चळवळीतले. पत्रक लिहिण्याची रीत मी त्यांच्याकडूनच शिकलो: नाव छापायचं नाही, खटला होतो. गाव लिहायचं, गल्ली लिहायची, धंदा लिहायचा. लोक बरोबर ओळखतात. लबाड ठेकेदार, रेशनवाले आम्ही असेच उघडे पाडले होते.

नव्वदीच्या शेवटी धुळ्यात केबलवर अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ लागू लागले. एका व्हिडिओत आमच्या आया हळदीला म्हणतात त्या चालीवर घाणेरडे बोल घातले होते आणि एक मुलगी हसत नाचत होती. माझं डोकं फिरलं. एका बैठकीत पत्रक लिहिलं. मुलीबद्दलही, केबलवाल्याकडून कळलं तशी, एक ओळ घातली: शिरपूरची अमुक गल्ली, बँडवाल्याचं घर. बाजाराला विकली गेलेली, असंही लिहिलं. तिला मी ओळखत नव्हतो.

पत्रक वाटलं आणि ज्यांनी गाणं पाहिलं नव्हतं तेही केबलवाल्याकडे ते मागू लागले. चौथ्या दिवशी छापखान्यात गेलो, तर मशीनवर माझंच पत्रक चढलेलं. शेजारी सफारीतला एक गृहस्थ चहा पीत बसला होता. व्हिडिओ त्यानंच काढला होता.

"या, लेखक," तो म्हणाला. "निषेधाचं पत्रक आम्हीही एक लिहून घेतलं होतं. पण त्यात राग नव्हता हो. तुमचं कसं, खरं वाटतं."

"हे थांबवा."

"का? मोर्चाही काढा. जळगावलाही काढा. फक्त दोन दिवस आधी कळवा, म्हणजे कॅसेटी दुकानात पोचतात."

"निदान गल्लीची ओळ तरी काढा."

"तोच तर जीव आहे त्यातला," तो हसला. मशीन चालूच होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उशिरा मी शिरपूरला उतरलो. गल्ली सापडायला वेळ लागला नाही, कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं न विचारताच बोट दाखवलं. माझं पत्रक दारालाच चिकटवलेलं होतं. बँडवाला माझ्या वडिलांच्या वयाचा. दार त्यानं हातभरच उघडलं.

"कोन शे तू?"

"पत्रक मी लिहिलं, आबा."

त्यानं दारावरच्या पत्रकावर बोट ठेवलं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"व्हिडिओवाला बोलना, लगीननं गाणं शे. पोर एक दिन नाचनी नि घर उनी. बोल तं त्यानी मांगून भरात. आते घरना पत्रावर दगडं पडतंस." मग तो अगदी हळू म्हणाला, "तू लिखस ना? मंग लिख, पोर आठे नही म्हनीसन."

दार लागलं. आतून कुणीतरी खोकलं. तो आवाज पुरुषाचा नव्हता.

पोर इथं नाही, असं मला लिहिता आलं नसतं. लिहिलं असतं तर सफारीवाल्यानं तेही छापलं असतं.

गल्लीच्या तोंडाशी सायकलींना टेकून तिघं-चौघं उभे होते. एकानं मला थांबवलं. "काय भाऊ, पोर शे का घरमा?"

"नाही," मी म्हणालो.

"मंग तू इतला येळ कोनसंगे बोलना?"

ते हसले आणि सायकली तिथंच टाकून दाराकडे निघाले. मी त्यांच्या आधी धावत मागं गेलो आणि ओट्यावर, दाराला पाठ लावून बसलो. धुळ्याची शेवटची गाडी सुटायची वेळ झाली. ते समोर उभे होते आणि आता हसत नव्हते.