दुसरा फेरा

किल्ली हातात आली की कुलपं-किल्ल्या करणारे मन्मथअप्पा आधी तिचा वास घेत. ताडकळसच्या बाजारात नवखं गिऱ्हाईक हे बघून हसे. चोरून साबणावर ठसा घेतलेल्या किल्लीच्या दातांत वास राहतो, हे त्याला माहीत नसे. तसा वास आला की अप्पा किल्ली परत करत. "पाव्हनं, हिला आंघोळ कुनी घातली? मालकाला घेऊन या, मग बघू." शेजारचे दुकानदार हसत आणि तो माणूस गर्दीत नाहीसा होई.

अप्पा आमच्याच गावचे. मी तिथल्या प्राथमिक शाळेत शिक्षक. त्यांनी स्वतः घडवलेल्या कुलपाची किल्लीची नक्कल कुणाला करताच येत नसे. ती पोकळ नळीची असे. बाहेरचे दात सगळ्यांना दिसत, पण नळीच्या आत, पार तळाशी, अप्पा एक तिरपी खाच कोरत. कुलपातली सळई त्या खाचेत बसल्याशिवाय किल्ली फिरत नसे, आणि साबण तिथवर पोचत नसे. एका खाचेला दोन-दोन दिवस लागत.

"तयार कुलपं मिळतात आता. एवढं काहून शिणता, अप्पा?" मी एकदा विचारलं.

"तयार किल्लीला हजार बहिनी असत्यात, गुरुजी. माझी एकटी हाय."

गावच्या लग्नकार्याची तांब्या-पितळेची भांडी मठाच्या खोलीत असत. त्या खोलीला अप्पांनी असंच कुलूप करून दिलं आणि एकुलती किल्ली विश्वासाचा माणूस म्हणून माझ्याकडे आली. देताना अप्पांनी बजावलं, "दोन फेरे द्यायचे. पहिल्यानं नुसतं लागतंय, दुसऱ्यानं खटका बसतोय. दुसरा फेरा जड जाईल, पन द्यायचाच."

एका लग्नाची भांडी परत आली त्या दिवशी मला परभणीला जायचं होतं. बस फाट्यावर उभी, हॉर्न वाजत होता. मी एक फेरा दिला आणि धावलो.

तिसऱ्या दिवशी खोली रिकामी. कुलूप उघडं लटकत होतं, त्यावर ओरखडासुद्धा नव्हता. माणसं जमली. कुणीतरी म्हणालं, "कुलूप तुटलं न्हाई. किल्ली गुरुजींच्या खिशात. म्हंजी दुसरी किल्ली हाय. आन ती बनवनारा तालुक्यात एकच माणूस हाय."

अप्पांनी कुलूप हातात घेऊन फिरवून बघितलं. मग सगळ्यांसमोर मला विचारलं, "गुरुजी, दोन फेरे दिले होते ना?"

"दिले होते, अप्पा."

एवढंच बोललो मी. ते कुलूप पिशवीत टाकून घरी गेले.

पोलिसात कुणी गेलं नाही, अप्पांना उघड दोषही कुणी दिला नाही. पण बाजारात लोक म्हणू लागले, "अप्पा, आमच्या घराची पन एखादी ठेवलीय का करून?" पहिल्यांदा ते हसले. मग त्यांनी बाजारच सोडला. घरी बसून छत्र्या, बॅटऱ्या दुरुस्त करत. वाटेत भेटले की आधी तेच म्हणत, "शरणार्थ, गुरुजी." मी मान खाली घालून पुढं जायचो. असं अकरा वर्षं.

गेल्या साली अप्पा गेले. मातीला मी होतो. तिथंही बोललो नाही.

महिन्याभरानं त्यांच्या घरी गेलो आणि त्यांच्या बायकोला, काकूंना, सगळं सांगितलं. त्या ज्वारी निवडत होत्या. हात थांबला नाही.

"आमाला ठावं हाय. त्याच दिवशी कुलूप खोललं होतं त्यांनी. आतली पट्टी वाकलेली. म्हणले, खटका बसलाच न्हाई, नुसता हिसका दिलाय कुनीतरी."

"मग बोलले का नाहीत?"

"मी भांडले त्यांच्यासंगं. तर म्हणले, चार मानसांत गुरुजी हो म्हणून बसलेत. आता त्यांना खोटं पाडलं तर पोरं कशी ऐकायची त्यांचं?" त्यांनी सूप खाली ठेवलं. "मला कशाला सांगायलात, गुरुजी? गावाला सांगा."

त्या सोमवारी मठात आरतीनंतर मी उभा राहिलो. बस, एक फेरा, माझं खोटं, सगळं बोललो. शिव्या खायच्या तयारीनं गेलो होतो. पण पहिल्या रांगेतले एक म्हातारे म्हणाले, "जाऊ द्या, गुरुजी. घाईत होतंय मानसाकडून. बसा खाली."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. कुणीतरी माझ्यासाठी सतरंजीवर जागा केली. अप्पांना अकरा वर्षांत जे मिळालं नाही, ते मला एका मिनिटात मिळालं. तेव्हापासून मठात जाववत नाही.