गोदीला न आलेला ताप

बैलापुढे हात जोडून माफी मागणारा सरकारी माणूस तुम्ही कधी पाहिला आहे काय? आमच्या नंदुरबारात एक होते, आणि तापीच्या दोन्ही तीरांवर त्यांच्याइतका हट्टी माणूस जन्मला नाही, हे मी शपथेवर सांगतो. ते जनावरांना लस टोचत. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणे. मी तेव्हा परक्या सत्तेविरुद्ध पत्रके छापत होतो. सरकारी पगार खातात म्हणून मामांशी मी तीन महिने बोललो नाही. त्यांना ते कळलेच नाही, कारण बोलत तेच होते.

विषय एकच, अंगात रोगाशी लढणारी प्रतिद्रव्ये. भाजी घेतानाही तोच, मयताला गेल्यावरही तोच. माणसांच्या घटसर्पाच्या लशीत तुरटी घालतात, असे कुठल्याशा मासिकात वाचल्यापासून तर त्यांच्या खिशात तुरटीचा खडा असे. नुसती लस म्हणजे उभ्या उभ्या येऊन गेलेला पाहुणा, ते सांगत. तुरटी त्याला ओसरीवर बसवून ठेवते, मग घरातले सगळे उठून त्याचा चेहरा नीट ओळखून ठेवतात. माझे एक जळजळीत पत्रक वाचून त्यांनी तो खडा माझ्याच तळहातावर ठेवला. "भाऊ, लस तेज शे. पन लोकेस्ना मनमा टिकी कशी?" मी संतापलो. पुढच्या पत्रकात मात्र शिव्या कमी करून जवळच्या कोरीट गावच्या, सरकारने जप्त केलेल्या विहिरीची गोष्ट घातली.

मग गुरांमध्ये बुळकांडीची साथ आली. या रोगावर तेव्हा गुरांना दोन सुया टोचत. एका बाजूला रोगाचे थोडे रक्त, दुसऱ्या बाजूला बऱ्या झालेल्या जनावराचे रक्तजल, म्हणजे तयार प्रतिद्रव्ये. कोरीटचा एक शेतकरी काकुळतीला आला, की बैलाला ताप नको, रक्तजल दुप्पट द्या. मामांनी आधी बैलाची माफी मागितली, मग मालकाला झापले. "उसना रखवालदार पंधरा दिनमा निंघी जातस. तापविना घरना लोके जागाच हुयनात नई, ते मंग घर कोन राखी?" बैल चार दिवस तापला. मालकाने चार दिवस मामांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

पुढच्या वर्षी बुळकांडी परत आली. कोरीटचा बैल गोठ्यात निवांत रवंथ करत राहिला. मामांची स्वतःची गाय, गोदी, मात्र रोग लागल्यावर चौथ्या दिवशी गेली.

मी भेटायला गेलो, तर मामा रिकाम्या दावणीपाशी बसले होते. मला पाहून म्हणाले, "मांगला साल तिना डोळा पाहिसन मी मन्हाच नियम मोडा. दुप्पट रक्तजल दिन्हं. मी तिले ताप येऊच दिन्हा नई."

त्यानंतर टोचायला जाताना मामा प्रत्येक मालकाला आधी गोदीची गोष्ट सांगत. स्वतःची चूक अशी गावोगाव सांगत फिरणारा सरकारी माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. आता मामाही नाहीत. तेव्हा वाचकहो, एवढे करा. तुमच्या दारी लस टोचणारा आला, की जनावराला घट्ट धरा, ठरलेल्या मापापेक्षा थेंबभरही जास्त रक्तजल मागू नका, आणि जनावराला ताप चढेल तेव्हा त्याच्या पाठीवर हात ठेवून शेजारी बसा.