डाव्या दाराचं कुलूप

मंगळवारी हे गेले. दहाव्याला भावोजींनी यांचे कपडे देऊन टाकले. खिसे कुणीच पाहिले नाहीत, आणि गाडीची चावी कपड्यांबरोबर गेली.

आज चावीवाला आला. गाडी जुनी. उजव्या दाराचं कुलूप लगेच फिरलं, डावं मात्र हलेना. त्यात तेल सोडत तो म्हणाला, "काकू, याला कधी चावी लावलीच नाही का हो?"

नाहीच लावली. हे आधी आत बसायचे आणि वाकून माझं दार आतून उघडायचे. "मलाही शिकवा की चालवायला," असं मी म्हटलं की हसायचे. "कशाला? मी आहे ना!"

या वाक्याचं मला किती वर्षं कौतुक वाटलं! गंज असाच चढत असावा, लाडात, बाहेरून काही न दिसता.

दुपारी उशिरा ते कुलूप सुटलं. मी दार बाहेरून उघडलं. आत वाकलेलं कुणी नव्हतं.

"चला वहिनी, आता गाडी विकता येईल," भावोजी म्हणाले.

माझ्याकडे आता दोन नव्या चाव्या आहेत. मला गाडी चालवता येत नाही.