गाणं खालच्या पट्टीत

डॉक्टरीणबाईंनी घशातली दुर्बीण काढली आणि विचारलं, "शिक्षिका आहात, की भाजी विकता?"

दोन्ही नाही. मी मोर्च्यात गाणं म्हणायचे.

"म्हणजे तेच. व्होकल नोड्यूल्स आहेत."

व्होकल नोड्यूल्स म्हणजे स्वरतंतूंवर आलेल्या बारीक गाठी. कुदळीनं हाताला घट्टे पडतात, तसे गळ्यातले घट्टे. कॅन्सर नाही. चार आठवडे व्हॉइस रेस्ट, म्हणजे पूर्ण मौन. मग बोलण्याचे व्यायाम. तरी फरक नाही पडला तर ऑपरेशन. "आवाज पहिल्यासारखा होईल असं मी आज सांगणार नाही," त्या म्हणाल्या.

तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. नाशिकच्या कडेला आमचा झेंडूचा मळा. वडील पाण्याच्या हक्काची पत्रकं लिहायचे आणि पाटबंधारे कचेरीवर मोर्चे न्यायचे. ती पत्रकं वाचतच मी अक्षरओळख शिकले. ते गेल्यावर पत्रकं माझ्याकडे आली आणि गाणंही. 'आमच्या वाटंचं पाणी कुठं गं अडलं?' पत्रक लिहिताना मी हेच गुणगुणायचे. वाक्य त्या चालीत बसलं नाही की खोडायचे. त्यामुळे गळा बंद झाला, तसा हातही बंद पडला.

पहिल्या आठवड्यात मी एक चूक केली. तुमच्यावर ही वेळ आली तर ती करू नका. मौन म्हणजे मोठ्यानं न बोलणं, असं समजून मी दिवसभर कुजबुजत राहिले.

"कुजबुजण्यानंही ताण येतो," आठवड्यानं तपासताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गप्प म्हणजे गप्प."

मग गळ्यात पाटी अडकवली. आई हार ओवता ओवता म्हणाली, "बरं झालं. या घरात आता माझं वाक्य पुरं होतंय."

पुढच्या तपासणीला बाईंनी विचारलं, "गाणं इतक्या वरच्या पट्टीत का म्हणता?"

मी पाटीवर लिहिलं: तसंच म्हणतात.

"कुणी ठरवलं?"

घरी येईपर्यंत तो प्रश्न डोक्यातून जाईना. गाणं मुळात रचलं होतं मावशीनं, आईच्या थोरल्या बहिणीनं. ती सिन्नरजवळच्या खेड्यात राहते. तिसऱ्या आठवड्यात आईला घेऊन मी एसटीनं तिथं गेले. मावशीला वाचता येत नाही, म्हणून माझ्या वतीनं आई बोलली. "ही विचारते, गाणं इतकं वर का?"

मावशी हसली. "मी कुठं वर म्हनते? खुरपताना म्हनायचं गानं हाय ते. शेजारच्या वाफ्यातलीला ऐकू गेलं म्हंजे झालं. तुझ्या बापानं चढवलं गं. कचेरीच्या गेटावर भोंगा नव्हता त्यांच्याकडं."

मी पाटीवर भोंगा काढून दाखवला. आता आमच्याकडे तो होता.

"मग तू कशाला वरडती?"

वरची पट्टी म्हणजे वडिलांशी निष्ठा, असं मी धरून चालले होते. ती साधी अडचण होती.

मावशीनं गाणं म्हणून दाखवलं, शेंगा फोडता फोडता. मी थक्क झाले. तिच्या तोंडी ती ओळ खरोखर विचारत होती. मी इतकी वर्षं प्रश्नचिन्ह लावून आरोप करत होते. गाण्यातही आणि पत्रकातही. परतीच्या एसटीत पाटीवर वाक्यं लिहून पुसत राहिले. एकेका वाक्याला तपासायचे: हे विचारतंय, की ओरडतंय?

गाठी ऑपरेशनशिवाय उतरल्या. वरचे सूर मात्र परत आले नाहीत. डॉक्टरीणबाईंनी व्यायाम करून घेतले त्याचे उपकार आहेतच, पण त्यांच्या 'कुणी ठरवलं?' या प्रश्नाचे जास्त.

पाच महिन्यांनी कचेरीच्या गेटवर मी भोंग्यावर गाणं खालच्या पट्टीत म्हटलं. वडिलांबरोबर फिरलेल्या एका काकांनी तोंड वाकडं केलं. "दम गेला पोरीचा." मी 'कुठं गं अडलं?' ही ओळ म्हटली आणि श्वासासाठी थांबले.

तेवढ्यात मागून एक बाई म्हणाली, "कालव्याच्या तिसऱ्या चारीच्या दारावर अडलं पाणी. आम्ही रोज बघतो की."

त्या प्रश्नाला गेटवर पहिल्यांदा कुणी उत्तर दिलं होतं. मी भोंगा बंद केला, वही काढली आणि तिला जवळ बोलावलं.