कमरेला शिवलेलं शिसं

सांगितल्याप्रमाणे कॅल्शियमची गोळी टाळून महरझिया दवाखान्यात आली, तेव्हा तिच्या मनात एकच घोर होता: यंदा शिडीवर चढायला मिळणार की नाही.

महदिया गावाबाहेर त्यांची जैतुनाची, म्हणजे ऑलिव्हची, झाडं. नवरा गेल्यापासून शेंड्याच्या फांद्यांवरची फळं उतरवायचं काम तिचंच. बोटांवर बकरीच्या शिंगांची टोकं चढवून ती फांद्या अशी विंचरायची, की खाली जाळी पसरणाऱ्या बायका म्हणत, ही म्हातारी की माकडीण. पण परवा उंबऱ्यावर नुसता तोल गेला, हात टेकला आणि मनगट मोडलं. एवढ्याशानं मोडलं म्हणून डॉक्टरांनी हाडांची घनता तपासायला सांगितली.

यंत्र चालवणाऱ्या रीम नावाच्या मुलीने तिला सगळं समजावलं. सुई नाही, बोगद्यासारख्या यंत्रात शिरणं नाही. उताणं पडायचं, पाय ठोकळ्यावर, हलायचं नाही. वरून एक दांडा सावकाश फिरेल. धातूचं काही अंगावर नको. महरझियाने झुमके काढून सुनेच्या, वसीलाच्या, हातात दिले.

दांडा फिरून थांबला. रीम पडद्याकडे बघतच राहिली.

"मावशी, तुमच्या पाठीत कधी बंदुकीची गोळी शिरली होती का?"

वसीलाच्या हातातले झुमके खाली पडले. महरझिया म्हणाली, "मी काय फौजेत होते?"

पडद्यावर कण्याच्या मधोमध लख्ख पांढरा डाग होता. वसीला चाचरत बोलू लागली. मनगट मोडल्यावर तिने सासूची दृष्ट काढवली होती. वितळलेलं शिसं पाण्यात ओतून जो गोळा झाला, तो परकराच्या पट्टीत मागे शिवला होता.

"धातू काढा म्हणाल्या, मला दागिनेच वाटले. ही तर राखण."

रीम हसली, महरझियाही हसली. परकर बदलून ती निर्धास्तपणे पुन्हा आडवी झाली.

दुपारी डॉक्टरांनी दुसरं चित्र समोर ठेवलं. डाग गेला होता. उरला होता तो कणा वाळल्या स्पंजासारखा, भोकाभोकांचा. औषध सुरू करू, ते म्हणाले, पण शिडी विसरा. एकदा पडलात तर खुबाच जाईल.

महरझियाने हळूच विचारलं, "ते पहिलंच चित्र खरं धरता येणार नाही?"

मनगट जुळलं, हंगाम आला. झाडाखाली तिने शिंगं एकेक करून वसीलाच्या बोटांवर चढवली. मग सुईदोरा मागवला, शिशाचा गोळा सुनेच्या कमरपट्टीत घट्ट शिवला.

"चढ," ती म्हणाली आणि दोन्ही हातांनी शिडी धरून उभी राहिली.