वारेतलं बोंड

माझ्या धाकट्या जावेला पहिली मुलगी झाली. मुलगी ठणठणीत होती. पण सुईणीनं पुरायला वार उचलली आणि तिचा हात थांबला. वारेत एक लाल, टणक गाठ होती, कापसाच्या न उमललेल्या बोंडाएवढी. "इतकी बाळंतपणं केली, पन असं नाई पाह्यलं बाई," ती म्हणाली. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

झालं! सातासमुद्रापलीकडं कुठं लढाई लागली होती म्हणून त्या वर्षी आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, आणि जो तो दुसऱ्यावर डोळा ठेवून होता. वेचणीआधी वावरात सीतादहीची पूजा झाली, तेव्हा जाऊ पोटुशी म्हणून घरीच होती. पूजेचा दहीभात मीच पदराखाली झाकून आणला आणि तिला भरवला. तेच माझ्या अंगाशी आलं.

"भातात सरकी चारली इनं," सासूबाई कडाडल्या. "पोटात बोंड धरलं! काहून वं, तुले दुसऱ्याचं लेकरू पाह्यवत नाई काय?"

"सरकी म्हशीले घालतात, मानसाले नाई," मी म्हटलं. पण माझं ऐकतो कोण? बाळासाठी मी शिवलेली गोधडीसुद्धा त्यांनी उसवून पाहिली. अस्सा संताप आला मला!

इकडे जावेला दूध उतरेना. गाईचं दूध बोळ्यानं पाजलं, तर मुलगी ओकून टाकी. रडून रडून ती निपचित पडायला लागली. माझं पोर अंगावर पीत होतं, दुधानं चोळी भिजत होती, आणि सासूबाई मला अडवायला बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्यात ठाण मांडून बसलेल्या.

शेवटी जाऊच उठली. भिंत धरत, सासूबाईंना ओलांडून आली आणि मुलगी माझ्या मांडीवर टाकली. "पाज वो बाई. इख असन तं इख पाज. उपाशी तं मरूनच राह्यली."

मुलगी घटाघटा प्यायली आणि झोपली. सासूबाई समोर बसून तिच्या छातीकडे टक लावून बघत होत्या. मीही बघत होते. आपण काही केलं नाही हे पक्कं ठाऊक होतं, तरी तिचा श्वास जरा लांबला की मी तिच्या नाकाशी बोट धरी. मलाच माझ्या दुधाचा संशय येत होता! मुलगी जागी होऊन पुन्हा भुकेनं ओरडली, तेव्हा मी ढसाढसा रडले.

गाठ कशाची होती, देव जाणे. मायलेकींना तिनं काही केलं नाही. सासूबाईंनी मात्र त्यानंतर कधीच माझ्या हातचा दहीभात खाल्ला नाही.